परदेशगमन आणि प्रकृतिरक्षण
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



एके काळी विलायतेहून परतलेल्यास प्रायश्चित्त घ्यावे लागे. तो वाद आता मिटला. मुले परदेशी स्थायिक झाली असून साठी-सत्तरीतले आईवडील नातवंडांच्या ओढीने समुद्रापार जात आहेत. तेव्हा जावे की न जावे हा प्रश्न उरला नाही. सुखरूप कसे परतावे, हा मात्र उरला आहे. त्याविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली, हा आम्ही आमचा सन्मान समजतो.

प्रथम औषधांविषयी. नित्याची औषधे हातातल्या पिशवीतच असावीत. इन्शुलिन तर विमानाच्या पोटातील सामानात कदापि ठेवू नये. तेथे ते गोठण्याचा संभव असतो आणि गोठलेले इन्शुलिन निरुपयोगी होते. डॉक्टरांच्या चिठ्ठीत औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे, कारण आपल्याकडील व्यापारी नावे परदेशी औषधविक्रेत्यास ठाऊक असतीलच असे नाही.

दुसरी गोष्ट कायद्याची. संयुक्त अरब अमिरातींत खसखशीस बंदी आहे. दिवाळीत लेकीसाठी मायेने नेलेले अनारसेही तेथे संकट ओढवू शकतात! कोडीनयुक्त खोकल्याचे औषध नेण्यासही तेथे पूर्वपरवानगी लागते.

आफ्रिका व दक्षिण अमेरिका येथील पीतज्वराच्या देशांत जाणाऱ्याने किमान १० दिवस आधी लस टोचून घ्यावी. २०१६ पासून तिचा दाखला आजन्म ग्राह्य धरला जातो. तो जवळ नसल्यास स्वदेशी परतताच ६ दिवसांपर्यंत विलग राहण्याची पाळी येते.

लांबच्या विमानप्रवासात एकाच जागी बसून पायांत रक्त साकळण्याचा धोका असतो. यास्तव मधून मधून उठून चालावे, पाणी पीत राहावे.

शेवटी विम्याविषयी. युरोपातील शेंगेन देशांच्या अल्पकालीन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच. अमेरिकेत पर्यटकावर तशी सक्ती नाही, परंतु तेथील रुग्णालयाचे चार दिवसांचे देयकही जन्माची पुंजी संपवू शकते. विमा घेताना जुना आजार लपवू नये. लपविल्यास भरपाई नाकारली जाते. मुलांना काळजी नको म्हणून छातीतली कळ सोसत बसणारे वडील आणि खर्च वाढेल म्हणून ताप अंगावर काढणारी आई, यांना आमची हात जोडून विनंती आहे : दुखणे वेळीच सांगा. मुलांनी आपणांस बोलाविले आहे ते आपल्या सहवासासाठी; आपला संकोच त्यांना फार महाग पडेल.