विजेचा ताळेबंद

पंगतीला किती पाने मांडावी लागतील, याचा अंदाज घरची गृहिणी आधी बांधते. अंदाज थोडा चुकला तरी बिघडत नाही; उरलेला भात सकाळी फोडणीला घालता येतो. विजेच्या व्यवहारात ही सोय नाही. वीज ज्या क्षणी निर्माण होते, त्याच क्षणी ती खर्ची पडावी लागते. पाणी उंचावर चढवून अथवा बॅटऱ्यांत भरून थोडीबहुत वीज राखून ठेवता येते. परंतु साऱ्या देशाची गरज भागेल एवढे तिचे कोठार अद्याप कोणी बांधलेले नाही. म्हणून येथे जमाखर्चाचा मेळ वर्षअखेरीस नव्हे, तर क्षणाक्षणाला घालावा लागतो. आणि हा मेळ गणितावाचून बसत नाही.

मेळ बसला की नाही, हे एका आकड्यावरून कळते. भारतात विजेची वारंवारता सेकंदाला 50 आवर्तने इतकी ठरलेली आहे. रायचूर ते सोलापूर या वाहिनीने 31 डिसेंबर 2013 रोजी दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाच्या जाळ्याशी जोडले गेले. तेव्हापासून देशभरातील मोठी जनित्रे जणू एकाच जुवाला जुंपली गेली आहेत. जात्यात मूठभर दाणे पडताच जाते जड फिरू लागते. तद्वत मागणी वाढली की जनित्रांची गती मंदावते आणि मागणी घटली की ती वाढते.

ही वाढ किती, हे गणित सांगते. समजा, 1,00,000 मेगावॉट क्षमतेची जनित्रे फिरत आहेत आणि त्यांच्या फिरत्या वजनात, पूर्ण क्षमतेने 5 सेकंद पुरेल एवढी ऊर्जा साठलेली आहे. अशा वेळी 1,000 मेगावॉट मागणी एकाएकी नाहीशी झाली, तर वारंवारता सेकंदाला 0.05 या वेगाने चढू लागते. आकडा किरकोळ दिसतो. परंतु काहीच उपाय झाला नाही, तर 10 सेकंदांत ती अर्ध्या आवर्तनाने वाढते. मर्यादा ओलांडली की यंत्रे स्वतःच्या रक्षणासाठी आपोआप जाळ्यापासून सुटी होतात आणि एकामागून एक सारा डोलारा कोसळू शकतो. 31 जुलै 2012 रोजी निराळ्या कारणाने, म्हणजे वाहिन्यांवरील अतिभारामुळे, असाच डोलारा कोसळला. उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारतातील 60 कोटींहून अधिक लोकांच्या भागांतील वीज त्या दुपारी गेली होती.

या गणिताची खरी कसोटी 5 एप्रिल 2020 रोजी लागली. देशात टाळेबंदी होती. रात्री 9 वाजता 9 मिनिटे घरातील दिवे मालवून पणत्या लावाव्यात, असे आवाहन पंतप्रधानांनी दोनच दिवस आधी केले होते. कोट्यवधी घरांनी एकाच मिनिटाला बटण दाबले तर किती मागणी घटेल? दिव्यांची वीज निराळी मोजणारा मीटर कोणाच्याच घरी नसतो. सूर्यास्तापूर्वीची मागणी आणि दिवेलागणीनंतरची मागणी यांची वजाबाकी करावी आणि घरांतील दिव्यांचा वाटा अजमावावा, अशीच अशा अंदाजाची रीत असते. राष्ट्रीय भार नियंत्रण यंत्रणेने 12,000 ते 14,000 मेगावॉट घट होईल, असा अंदाज बांधला.

त्याबरोबरच तिने आणखी एक हिशेब केला. कोळशावरील केंद्राचा बाष्पक सावकाश तापतो आणि सावकाश निवतो. त्याला घाई खपत नाही. उलट, जलविद्युत केंद्रात पाण्याची वाट आवळली की निर्मिती काही मिनिटांत खाली येते. म्हणून संध्याकाळी जलविद्युत केंद्रे मुद्दाम कमी चालविण्यात आली, आणि 9 वाजण्याच्या सुमारास औष्णिक केंद्रे मंद करून त्यांची जागा जलविद्युत केंद्रांना देण्यात आली. जे झटपट उतरवायचे, ते आधी चढवून ठेवले पाहिजे, हे या योजनेचे मर्म होते.

घटका भरली तेव्हा अंदाज चुकला. 8 वाजून 45 मिनिटांपासून 9 वाजून 10 मिनिटांपर्यंत मागणी सुमारे 31,000 मेगावॉटने उतरली. म्हणजे अंदाजाच्या दुपटीहूनही अधिक. तरीही देशात अंधार पसरला नाही. जलविद्युत निर्मिती सुमारे 25,500 मेगावॉटवरून 8,000 पर्यंत खाली आणली गेली. उरलेला भार इतर केंद्रांनी सावरला. वारंवारता 49.7 आणि 50.26 यांच्या दरम्यान राहिली. पुन्हा दिवे लागले, तेव्हा तेच पाणी पुन्हा चक्रांवर सोडण्यात आले. रुग्णालयांचा वीजपुरवठा चालू राहिला, आणि पणती विझवून घरात वळलेल्या माणसाला या खटाटोपाचा पत्ताही लागला नाही.

गणित म्हणजे अचूक उत्तर, अशी सर्वसाधारण समजूत आहे. त्या रात्रीचे उत्तर अचूक नव्हते. परंतु आपला अंदाज चुकू शकतो, हे गणिताने आधीच हिशेबात धरले होते आणि चुकीची भरपाई करण्याइतके बळ हाताशी राखले होते. या राखीव बळाला किंमत पडते. काही यंत्रे अपुऱ्या भाराने चालवावी लागतात, धरणातील पाणी अडवून ठेवावे लागते; आणि काही घडले नाही, म्हणजे तो खर्च वायफळ वाटू लागतो.

आता सौर ऊर्जेचा वाटा वाढत आहे. त्यामुळे तसाच पेच, निराळ्या रूपाने, दररोज उभा राहतो. सूर्य कलतो तशी सौर निर्मिती ओसरते, आणि त्याच सुमारास घराघरांत दिवे लागतात. महाराष्ट्रातील 1,960 मेगावॉट क्षमतेच्या कोयनेसारख्या प्रकल्पांचे मोल अशा वेळी कळते. पंगतीसाठी भात रांधून झाला तरी शहाणी गृहिणी थोडे आधण चुलीवर ठेवते. देशाच्या विजेचा ताळेबंद मांडणाऱ्यांना त्या आधणाचे माप रोज नव्याने काढावे लागते.