सरकता पट्टा आणि कामगाराचा हात

(व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित भाग)



मोटारीच्या इतिहासात हेन्री फोर्ड यांचे नाव आदराने घेतले जाते. त्यांच्या गाड्यांची संख्या सांगितली जाते, उतरत गेलेली किंमत सांगितली जाते. ज्या हातांनी त्या गाड्या घडवल्या, त्या हातांचे काय झाले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. आज तोच आपल्यापुढे मांडतो.

आरंभी मोटार एका जागी उभी असे आणि कारागीर तिच्याभोवती वावरत. डेट्रॉइटलगतच्या हायलंड पार्क कारखान्यात १९१३ साली हा क्रम उलटला. कामगार जागेवर उभा राहिला आणि काम त्याच्यापुढून सरकू लागले. शिकागोच्या कत्तलखान्यांतील टांगत्या रुळांवरून ही कल्पना सुचल्याचे फोर्ड यांनीच आत्मचरित्रात नमूद केले आहे. मॅग्नेटो जोडण्यास एका कामगाराला २० मिनिटे लागत. हे काम २९ जणांत विभागताच वेळ १३ मिनिटांवर आला. पट्टा ८ इंच उंच करताच ७ मिनिटे उरली आणि पुढे ५. वाकलेल्या पाठीला आराम मिळाला खरा. परंतु हिशेब होता तो मिनिटांचा. सांगाड्याच्या जोडणीचा वेळ साडेबारा तासांवरून सुमारे दीड तासावर आला.

आता त्या दालनाचे चित्र डोळ्यांसमोर आणा. छताशी फिरणारे दांडे, त्यांवरून यंत्रांपर्यंत उतरणारे चामडी पट्टे, खेटून मांडलेली यंत्रे आणि पत्रा कापणारे प्रेस. सैल बाही किंवा क्षणाची डुलकी एवढेही अपघाताला पुरे होते. त्या काळच्या अमेरिकी न्यायालयांत जखमी कामगाराची बाजू लंगडी पडे. चूक त्याची, चूक सहकाऱ्याची किंवा धोका पत्करूनच तो कामावर आला, असे तीन बचाव मालकाच्या हाती असत. मिशिगन राज्याने १९१२ साली भरपाईचा कायदा केला आणि दोष कोणाचा, हा वाद बाजूला पडून भरपाई देणे आले. तुटलेल्या बोटाची किंमत मालकाच्या वहीत प्रथमच नोंदली जाऊ लागली. सुरक्षित नसलेल्या यंत्राला आपण योग्य यंत्र मानीत नाही, असे फोर्ड यांनी १९२२ मध्ये लिहिले. त्यामागे भावना असेल, पण हिशेबही होता.

परंतु पट्ट्याच्या वेगाला जाळी बसवता येत नाही. १९१३ साली सुमारे १४ हजार कामगारांची संख्या टिकवण्यासाठी ५२ हजारांहून अधिक माणसे भरती करावी लागली. जानेवारी १९१४ मध्ये फोर्ड यांनी आठ तासांच्या कामासाठी दिवसाला ५ डॉलर जाहीर केले. माणसे थांबली, मात्र त्या रकमेसाठी कामगाराचे घर आणि वर्तन तपासणारे निरीक्षक दारी येऊ लागले. वेगाविषयी बोलण्याचा अधिकार पगारासोबत आला नाही. फ्लिंट येथील जनरल मोटर्सच्या कामगारांनी १९३६-३७ मध्ये कारखान्यातच ४४ दिवस ठाण मांडले, तेव्हा पट्ट्याचा वेग ही त्यांची एक प्रमुख तक्रार होती.

आपल्या पिंपरी-चिंचवड, चाकण परिसरातही प्रेसपुढे असंख्य हात राबतात. आपल्यापैकी ज्यांचे छोटे कारखाने आहेत, त्यांना माझी एकच विनंती आहे. उत्पादन वाढावे म्हणून यंत्राची जाळी काढून ठेवलेली दिसली, तर ते यंत्र त्याच क्षणी थांबवा. वाचलेली मिनिटे पुन्हा कमावता येतात. गेलेले बोट परत येत नाही.