नदीपलीकडची न्यायाधीश



टोकियोत वर्षातून दोनदा 'कॉमिक मार्केट' नावाची मोठी जत्रा भरते. हौशी चित्रकथाकार, संगीतकार, गेम बनवणारी मुलं आपापली निर्मिती टेबलावर मांडून स्वतःच विकतात. या जत्रेत १४ ऑगस्ट २००५ रोजी 'तोहो काएइझुका' नावाचा एक व्हिडिओ गेम विक्रीला आला. त्यामागे कोणतीही मोठी कंपनी नव्हती. जुन्या ओता, म्हणजे खेळाडूंचा 'झून', या एकट्या माणसाने गेमचं प्रोग्रॅमिंग, चित्रं, संवाद आणि संगीत हे सगळं केलं होतं. या गेमच्या शेवटच्या टप्प्यावर उभी राहते ती शिकी एइकी. मृतांचा न्याय करणारी. आजचं व्याख्यान तिच्याविषयी आहे.

ती तारीख मी मुद्दाम सांगितली. ऑगस्टचा मध्य हा जपानच्या बहुतेक भागांत ओबोनचा काळ असतो. पितर घरी येतात, त्यांच्यासाठी दिवे लावतात, जेवण मांडतात, मग निरोप देतात. आपला पितृपंधरवडा ज्या भावनेतून आला, तीच ही भावना. आणि १५ ऑगस्ट १९४५ हा जपानच्या शरणागतीचा दिवस. २००५ साली त्याला साठ वर्षं पूर्ण होत होती.

आता गेमची गोष्ट ऐका. जगापासून तोडलेला 'गेन्सोक्यो' नावाचा एक डोंगराळ प्रदेश आहे. तिथे माणसं, भुतंखेतं, देव आणि राक्षस एकत्र राहतात. एके वर्षी तिथे सगळ्या ऋतूंची फुलं एकाच वेळी फुलतात. चेरी, सूर्यफूल, शरदातली लाल हिगानबाना, सगळी एकदम. डोळ्यांना हा उत्सव वाटतो, पण कारण भयंकर आहे. बाहेरच्या जगात असंख्य माणसं मेली आहेत. त्यांचे आत्मे नदीपार न जाता इकडेच साचले आणि फुलांत शिरले. दर साठ वर्षांनी असं घडतं, असं गेम सांगतो. साठ वर्षांचं चक्र आपल्यालाही परकं नाही. प्रभव ते अक्षय ही साठ संवत्सरं आपल्या पंचांगात आहेत आणि साठीशांत आपण आजही करतो. गेममध्ये युद्धाचं नाव कुठे येत नाही. तरी २००५ मधून साठ वजा केले की काय उरतं, हे त्या जत्रेत आलेल्या कोणालाही सांगावं लागलं नसेल, असं माझं मत आहे. युद्धाचा एक शब्द न उच्चारता युद्धात मेलेल्यांचं इतकं हळुवार स्मरण मी दुसऱ्या कुठल्या गेममध्ये पाहिलेलं नाही.

आत्मे साचले, कारण नावाडीण कामात ढिली पडली. या नावाडिणीचं नाव ओनोझुका कोमाची. जपानी लोककल्पनेत मेलेल्याला 'सान्झू' नावाची नदी ओलांडावी लागते. पुण्यवानाला पूल, थोडं पाप केलेल्याला उथळ पाण्याची वाट, आणि पापी माणसाला सापांनी भरलेला डोह. पैलतीरी दात्सुए-बा नावाची म्हातारी मृताचे कपडे उतरवून घेते. ते झाडाच्या फांदीवर टांगले जातात आणि फांदी किती वाकली त्यावरून पापाचं वजन ठरतं. पुढच्या काळात या नदीवर नाव आली, नावेबरोबर भाडं आलं. मृताबरोबर सहा मोन ठेवायची रीत पडली. मोन म्हणजे जुनं भोकाचं नाणं. योद्ध्यांच्या सानादा घराण्याने तर सहा नाणी आपल्या निशाणावरच घेतली. आम्ही मरणाची तयारी करून रणात उतरतो, हा त्याचा अर्थ. आज दहनात धातू चालत नाही म्हणून शवपेटीत सहा नाण्यांचं चित्र छापलेला कागद ठेवतात. वैतरणी पार व्हावी म्हणून गोदान करणाऱ्या आपल्या समाजाला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

झूनने हे सगळं घेतलं आणि एकाच ठिकाणी बदललं. तो बदल मला फार मोठा वाटतो. त्याच्या नदीवर मृताकडे जे पैसे असतात ते त्याने स्वतः कमावलेले नसतात. तो जिवंत असताना त्याच्यावर खरी माया करणाऱ्यांनी त्याच्यासाठी जे खर्च केलं, त्याची ती बेरीज असते. भाडं जितकं पुरेसं, तितकं नदीचं पात्र आटोपशीर होतं. ज्याच्यासाठी कोणी कधी काही केलंच नाही, त्याला नदी संपता संपत नाही. श्रीमंत माणूस इथे कफल्लक निघू शकतो आणि फाटका माणूस चटकन पार होऊ शकतो. ही कल्पना जुन्या ग्रंथांतली नाही. तिच्यात सहा नाण्यांची रीत मात्र आहे, कारण ती नाणीही मेलेल्याची नसतात. घरच्यांनी ठेवलेली असतात. झूनने रीतीचं मर्म नेमकं ओळखलं, आणि परंपरेत भर घालायची तर ती अशीच घालावी लागते.

नदीपलीकडे एइकी बसते. तिचं पद 'यमझानाडू'. त्यातला यम आपलाच. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातला यम हा मेलेला पहिला मर्त्य आहे. त्याने परलोकाची वाट शोधली आणि नंतर येणाऱ्यांचा तो राजा झाला. बौद्ध धर्माबरोबर तो चीनमध्ये गेला. तिथल्या नोकरशाहीच्या देशात त्याला अधिकाऱ्याचा झगा, कचेरी आणि कारकून मिळाले. तो एकटाही राहिला नाही. नरकाचे दहा राजे झाले आणि मृताची सुनावणी सात-सात दिवसांनी एकेकापुढे होऊ लागली. जपानमध्ये त्याचा एम्मा झाला. एम्मा पाचवा, त्याची पाळी पस्तिसाव्या दिवशी. एकोणपन्नासाव्या दिवसापर्यंतचे जपानी घरांतले विधी या वेळापत्रकावर चालतात. नरकातल्या सुनावणीत आपल्या माणसाच्या बाजूने घरच्यांनी भरलेलं पुण्य, असा त्यांचा मूळ हेतू.

एम्मापुढे 'जोहारी'चा आरसा असतो. त्यात मृताचं सारं आयुष्य दिसतं, म्हणून खोटं चालत नाही. खोटं बोललास तर एम्मा जीभ उपटेल, असं जपानी आया मुलांना पिढ्यान् पिढ्या सांगत आल्या. एइकीच्या हातातही हा आरसा आहे, आणि एम्माच्या मूर्तीत दिसते तशी दरबारी पट्टी आहे. गेममध्ये त्या पट्टीवर अपराध लिहून अपराध्याला मारतात. अपराध जितका मोठा, तितका मार जड.

इथवर कोणीही अभ्यासू माणूस पोचला असता. मूर्ती पाहायची, पुस्तक चाळायचं, आरसा आणि पट्टी उचलायची आणि एका तरुण मुलीच्या हातात द्यायची. एइकीचं मोठेपण यापुढे आहे. २००६ साली झूनने 'तोहो गुमोन शिकी' हे पुस्तक लिहिलं. त्यात या न्यायव्यवस्थेचा इतिहास येतो. माणसांची संख्या वाढली, दहा राजांना काम आवरेना. मग न्यायाधीशांची भरती झाली आणि ती जिझोंमधून झाली. एइकी ही अशीच एक. आधी ती वाटेवरचा दगडी जिझो होती.

जिझो म्हणजे संस्कृतातला क्षितिगर्भ बोधिसत्त्व. जपानच्या खेड्यांत फिरलं की वाटेच्या कडेला, वळणावर, स्मशानाच्या तोंडाशी मुंडण केलेल्या भिक्षूची बुटकी दगडी मूर्ती दिसते. गळ्यात लाल कापड बांधलेलं असतं. आईबापांच्या आधी मेलेली मुलं सान्झूच्या काठी दगडांवर दगड रचत बसतात आणि राक्षस येऊन ते मोडतात, अशी एक हृदय पिळवटणारी कथा आहे. त्या मुलांना आपल्या झग्याखाली घेणारा तो जिझो. ज्यांची मुलं गेली त्या आया आजही त्याला ते लाल कापड बांधतात.

आणि मध्ययुगीन जपानी बौद्धांची शिकवण अशी की एम्मा आणि जिझो हे दोन नाहीतच. दहा राजांपैकी प्रत्येकामागे एक बुद्ध किंवा बोधिसत्त्व आहे, आणि एम्मामागे जिझो आहे. ज्याच्या पुढ्यात थरथर कापायचं आणि ज्याच्या झग्याखाली लपायचं, तो एकच. ही गोष्ट फक्त मठांत राहिली नाही. उसने घेताना जिझोचा चेहरा, परत करताना एम्माचा, अशी म्हणच जपानीत आहे. टोकियोच्या गेन्काकु-जी मंदिरात एम्माची कामाकुरा काळातली मूर्ती आहे. तिचा उजवा डोळा फुटलेला आहे. कथा अशी की एका आंधळ्या होत चाललेल्या म्हातारीने एम्माची प्रार्थना केली आणि एम्माने स्वतःचा एक डोळा तिला दिला. म्हातारीने उपकार म्हणून आपल्या आवडीचं कोन्याकु, म्हणजे एका कंदाची जेली, खाणं सोडलं आणि ते त्याला वाहिलं. आजही लोक तिथे कोन्याकुचा नैवेद्य ठेवतात. शिक्षा देणाऱ्याने स्वतःचा डोळा द्यावा, ही कल्पना ज्या लोकांना सुचली, त्यांना न्याय म्हणजे काय हे कळलं होतं.

आता एइकीचं वागणं पाहा. तिची शक्ती काळं आणि पांढरं स्पष्ट ठरवण्याची आहे. तिचा निकाल फिरत नाही. पण गेममध्ये ती कोणाही मेलेल्याचा निकाल देताना दिसत नाही. ती जिवंतांना गाठते. जी जी पात्रं तिच्यापुढे येतात, त्या प्रत्येकाला ती त्याचा एकेक दोष नेमका दाखवते आणि आतापासून काय करायला हवं तेही सांगते. सुट्टीच्या दिवशीसुद्धा ती उपदेश करत फिरते. लोक तिला पाहून वाट बदलतात. अनेक खेळाडू तिला कटकटी, रागीट समजतात. मला ते पटत नाही. मेल्यानंतर तिला दया दाखवता येत नाही, कारण तिथे तिने डळमळून चालत नाही. दया दाखवायला जागा आहे ती मरणाच्या अलीकडे. म्हणून ती नदी ओलांडून इकडे येते. जिझो ज्या वाटेवर उभा असायचा, तीच ही वाट.

या गोष्टीत जपानचा मूळचा शिंतो धर्म कुठे आहे, असा प्रश्न इथे कोणी विचारील, आणि तो रास्त आहे. इ.स. ७१२ च्या 'कोजिकी'त मृत्यूची मूळ कथा आहे. अग्निदेवाला जन्म देताना इझानामी मरते. नवरा इझानागी तिच्यामागे योमी या काळोख्या देशात जातो. ती म्हणते, मी इथलं अन्न खाल्लं आहे, मला पाहू नकोस. तो कंगव्याचा दात पेटवून पाहतो आणि किडे पडलेलं शरीर पाहून पळतो. योमीच्या चढावर तो प्रचंड शिळा लावून वाट बंद करतो. ती पलीकडून सांगते, मी रोज तुझी हजार माणसं मारीन. तो म्हणतो, मी रोज दीड हजार बाळंतघरं उभारीन. मग तो नदीत स्नान करतो आणि त्याच्या डाव्या डोळ्यातून सूर्यदेवी आमातेरासू जन्मते. या साऱ्या कथेत न्यायाधीश नाही, पाप-पुण्य नाही. आहे तो विटाळ, आपण ज्याला सुतक म्हणतो त्याच्या जवळचा. म्हणूनच जपानी माणूस बाळाला देवळात नेतो आणि प्रेताला बौद्ध मठाच्या हवाली करतो.

शतकानुशतकं हे दोन्ही धर्म एकाच आवारात नांदले. १८६८ मध्ये मेइजी सरकारने देव आणि बुद्ध वेगळे करण्याचा हुकूम काढला. अनेक मूर्ती फुटल्या, मठ ओस पडले. झूनच्या कथेत गेन्सोक्यो जगापासून बंद झाला तोही मेइजी काळातच. हा योगायोग मी मानत नाही. त्या बंद प्रदेशात शिंतो देवळाची पुजारीण रेइमू हाकुरेई आणि नरकाची न्यायाधीश शेजारी आहेत. एइकी पुजारणीलाही सोडत नाही. तिच्या कामातल्या हयगयीबद्दल तिलाही खडसावते. बाहेर जे हुकमाने तोडलं, ते आत जोडलेलं राहिलं.

जुन्या जपानमध्ये कुमानोच्या भिक्षुणी नरकाची चित्रं गुंडाळून गावोगाव नेत आणि बायाबापड्यांना एकेक दृश्य दाखवून समजावत. त्यांच्याच काळी क्योटोच्या रोकुदो चिन्नो-जी मठात ओनो नो ताकामुरा या नवव्या शतकातल्या अधिकाऱ्याची कथा सांगितली जाई. दिवसा तो सम्राटाच्या दरबारात आणि रात्री विहिरीतून उतरून एम्माच्या कचेरीत. आपल्याकडे चित्रगुप्ताची जी जागा, जवळपास तीच. नावाडीण कोमाचीच्या आडनावात त्याच्या ओनो घराण्याची खूण आहे. त्या भिक्षुणींचं काम आज एका संगणकाच्या गेमने पुढे नेलं, असं मी म्हणतो ते पूर्ण जबाबदारीने.

सभागृहात गेम बनवणारी, चित्रं काढणारी तरुण मंडळी बसली आहेत. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. तुम्हीही कधीतरी यमाला गेममध्ये आणाल. रेडा, पाश आणि दंड तर कॅलेंडरवरच्या चित्रातही मिळतात. त्याआधी कठोपनिषद उघडा. दारात उपाशी बसलेल्या नचिकेताची क्षमा मागणारा यम तिथे भेटेल. महाभारतातली सावित्रीची कथा मुळातून वाचा. तिच्या बोलण्यावर संतुष्ट होऊन वरामागून वर देणारा यम तिथे आहे. घरात सुतक असताना गरुडपुराण वाचलं जातं, तेव्हा उठून जाऊ नका, बसून ऐका. मग तुमच्या मनातला यम रेखाटा, आणि तो आम्हाला दाखवायला या.