कर आपणही भरतो, मग हिशेब कोणी विचारायचा?
(खापरखेडा येथे ग्रामसंघाच्या सभेत केलेल्या भाषणावरून)

बायांनो, कर म्हटलं की आपल्याला नोकरीवाले आठवतात. पण साबणाची वडी घेतली की त्यात जीएसटी असतो. आपल्या गावच्या धुराड्यातून वीज तयार होते, तरी आपल्याच बिलात ‘वीज शुल्क’ येतं. बिल काढून पाहा एकदा. साबणावर मजुरीनं जाणारी जेवढा कर देते तेवढाच बंगल्यातली देते. म्हणून कशावर कर असावा हा आपलाही प्रश्न आहे. २०१७ मध्ये सॅनिटरी पॅडवर १२ टक्के जीएसटी लागला. देशभर बाया बोलल्या, तेव्हा जुलै २०१८ मध्ये तो काढला. कर कमी-जास्त होतो तो असा, कोणीतरी बोललं म्हणून.

कराचं चांगलं रूपही आपल्याच राज्यानं दाखवलं. १९७२ च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी राज्यभर नेली. पैसा कुठून आणायचा? १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला. शहरातल्या पगारदारांकडून घेतला आणि तेवढीच रक्कम सरकारनं घातली. मुंबईच्या पगारातून गावच्या बाईची मजुरी निघाली, तीही पुरुषाइतकीच. आपल्या सासवांनी फोडलेली खडी त्याच पैशाची होती.

आता घरपट्टी. ‘ग्रामपंचायत काही करत नाही, मग भरायची काहून?’ असं पुष्कळ जणी म्हणतात. राग खरा आहे, पण न भरण्यात तोटा आपलाच. मागणीचं बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही, तर ग्रामपंचायत सदस्य राहता येत नाही. एकत्र कुटुंबात दुसऱ्या कोणी थकवला तरी तेच. राखीव जागेवर उभी राहायची तयारी केलेली बाई नवऱ्याच्या थकबाकीनं बाहेर पडू शकते! तेव्हा पावती मागा, जपून ठेवा. नमुना ८ वर आपलं नाव आहे का, तेही पाहून घ्या.

आणि भरलेल्या कराचं काय होतं ते विचारा. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते, ती याचसाठी. तिथं ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विचारा: मागच्या वर्षी वसुली किती झाली, त्यातले १० टक्के किती होतात आणि ते कशावर खर्च झाले? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या, मगच सही करा.