अनुवंश, संप्रेरके आणि शाळेतील मूल



माळशिरस तालुक्यातील वेळापूर हे गाव अर्धनारीनटेश्वराच्या यादवकालीन देवालयामुळे प्रसिद्ध आहे. स्त्रीत्व व पुरुषत्व एकाच देही नांदतात, ही कल्पना त्या नावातच आहे. शरीरशास्त्राला आढळलेले सत्यही तिच्यापासून फार दूर नाही.

मनुष्याच्या पेशीत सामान्यतः ४६ गुणसूत्रे असतात. निम्मी मातेकडून, निम्मी पित्याकडून. मातेकडून ‘एक्स’ गुणसूत्रच येते. पित्याकडून ‘एक्स’ आल्यास मुलगी व ‘वाय’ आल्यास मुलगा होतो. यांत निवड कोणाच्याच हाती नसते. तेव्हा मुलीच होतात म्हणून सुनेस दोष देणे हा निव्वळ अन्याय होय.

प्रारंभीचे सुमारे सहा आठवडे मुलाच्या व मुलीच्या गर्भातील जननग्रंथी सारख्याच असतात. पुढे ‘वाय’वरील एका जनुकामुळे मुलाच्या ग्रंथींचे वृषण बनतात. हे जनुक १९९० साली ओळखले गेले. नंतरची घडण वृषणांतून स्रवणारी संप्रेरके करितात.

संप्रेरके म्हणजे ग्रंथींनी रक्तावाटे धाडलेले निरोप. त्यांना ‘हॉर्मोन’ हे नाव इंग्रज शास्त्रज्ञ स्टार्लिंग यांनी १९०५ साली दिले. टेस्टोस्टेरॉन पुरुषाचे व इस्ट्रोजेन स्त्रीचे, अशी समजूत आहे. वस्तुतः दोन्ही दोघांच्याही शरीरात असतात. भेद प्रमाणाचा आहे. मुलाच्या हाडांची वाढ पूर्ण होऊन थांबण्यासही इस्ट्रोजेनच लागते.

शिक्षकास या ज्ञानाचा उपयोग काय? पौगंडावस्था मुलींत साधारणतः ८ ते १३ व मुलांत ९ ते १४ वर्षांच्या दरम्यान सुरू होते. तिची वेळ बऱ्याच अंशी अनुवंश ठरवितो. आहार व आरोग्य यांचाही तीत वाटा असतो. म्हणून सातवीच्या एकाच बाकावर एकाचा आवाज फुटलेला, तर दुसऱ्याचा कोवळा असतो. कोवळ्या आवाजाच्या मुलास ‘बायकी’ म्हणून चिडविणे अथवा लवकर वाढलेल्या मुलीची थट्टा करणे वर्गात मुळीच चालू देऊ नये. ज्या गोष्टीवर मुलाचा ताबा नाही, तिच्यासाठी त्याला लाज का वाटावी? वरील वयोमर्यादेच्या फार आधी लक्षणे दिसल्यास, किंवा ती उलटूनही न दिसल्यास, पालकांस एकांतात सांगून डॉक्टरांकडे पाठवावे.

या वयातील चिडचिड व अबोलपणा यांमागेही काही अंशी संप्रेरकांचे कार्य असते. परंतु स्वभाव केवळ ग्रंथी घडवीत नाहीत. घर, सोबती आणि शाळा हेही तो घडवितात. अनुवंश शिक्षकाच्या हाती नाही. मुलाशी बोलावयाचा शब्द मात्र त्याच्याच हाती आहे.