जाधवांचा ‘ध’
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘संगणक आणि आपले जीवन’ असा विषय दिला होता. एवढ्या मोठ्या विषयावर पंधरा मिनिटांत बोलायचे म्हणजे थापाच माराव्या लागतील. आणि समोर गणिताचे सर बसलेले असताना ते धाडस माझ्याने होणार नाही. म्हणून परवानगी न घेता मी विषय लहान करून घेतला आहे. मी नऊ चिन्हांबद्दल बोलणार आहे.

तुमच्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी विंडोजच्या संगणकावर फाइलला नाव देताना तारीख तिरप्या रेघेने लिहिली असेल, 12/6/2003 अशी, आणि संगणकाने ती नाकारली असेल. विंडोजमध्ये फाइलच्या नावात नऊ चिन्हे चालत नाहीत. ती अशी: \ / : * ? " < > |

हा कोणाचा लहरीपणा नाही. प्रत्येक चिन्ह आधीच दुसऱ्या कामावर नेमलेले आहे. कोलन ड्राइव्हच्या अक्षरापुढे येतो. डॉसची दुसरी आवृत्ती 1983 मध्ये आली आणि तिच्यात फोल्डरच्या आत फोल्डर ठेवण्याची सोय झाली. तेव्हा फोल्डरची नावे वेगळी दाखवायला चिन्ह हवे होते. सरळ तिरपी रेघ आज्ञांच्या सूचनांसाठी आधीच वापरात होती, म्हणून उलटी घेतली. पण यंत्रणा आतून दोन्ही रेघा ओळखते, हे पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवा. तारा आणि प्रश्नचिन्ह ‘कोणतेही अक्षर’ या अर्थी शोधासाठी लागतात. कोनाची दोन चिन्हे आणि उभी रेघ एका प्रोग्रामचा मजकूर दुसरीकडे वळवण्यासाठी. आणि नावात मोकळी जागा असली तर ते नाव दुहेरी अवतरणचिन्हात गुंडाळावे लागते, म्हणून अवतरणचिन्हही बाद.

आता गोष्ट. मी त्या काळी व्हिज्युअल बेसिक 6 या भाषेत लहानसहान प्रोग्राम लिहून देत असे. ही भाषा 1998 ची. मायक्रोसॉफ्टने 2008 मध्ये तिचा पाठिंबा काढून घेतला, तरी तिच्यात लिहिलेले प्रोग्राम आजच्या विंडोजवर चालतात. जुन्या वाड्यातल्या लाकडी जिन्यासारखी ती भाषा आहे. करकरते, पण माणूस वर पोचतो.

2003 च्या जूनमध्ये आपल्या जिल्ह्यातल्या एका शाळेतून बोलावणे आले. आपली शाळा नव्हे, काळजी नको. तिथे शाळा सोडल्याचे दाखले छापण्यासाठी कोणीतरी एक प्रोग्राम करून दिला होता. करणारा नोकरीसाठी बाहेरगावी निघून गेला होता. तक्रार काय, असे मी विचारले तर तिथल्या लेखनिक बाई शांतपणे म्हणाल्या, “तक्रार अशी काही नाही. आमच्या कॉम्प्युटरला ‘ध’ चालत नाही. ‘द’ टाकला की घेतो.”

मी म्हणालो, “बाई, मग जाधवांचं काय करता?”

“जादव टाकते. घाडग्यांचं गाडगे. संतोषला शहामृगाचा श लावते.”

त्यांनी वहीत यादीच करून ठेवली होती. कोणते अक्षर चालत नाही आणि त्याऐवजी कोणते घालायचे. ध, घ, झ, ढ, ष. शिवाय ‘विद्या’मधला द्य. शेवटी एक ओळ होती: “विद्यार्थी यादी सेव्ह होत नाही. मुलांची यादी असे लिहावे.” शाळेच्या संगणकाला विद्यार्थी चालत नव्हता! तुम्ही हसलात, तसा मीही हसलो. पण मग कपाटातले दाखले पाहिले. छापील दाखल्यावर ‘गाडगे’ असेच आले होते. महाराष्ट्रात हा कागद माणसाला जन्मभर पुरतो. कॉलेजचा प्रवेश, जातीचा दाखला, नोकरी, पासपोर्ट, सगळीकडे पहिला तोच मागतात. आणि गाडगे हे काही घाडगे लिहिण्याची दुसरी तऱ्हा नव्हे, ते वेगळेच आडनाव आहे.

घडत काय होते ते सांगतो. शाळेत मराठीसाठी कृतिदेव फॉन्ट होता. टायपिंगची परीक्षा दिलेल्यांना हा प्रकार ओळखीचा असेल. अशा फॉन्टात संगणकाच्या दृष्टीने मराठी नसतेच. आत इंग्रजी अक्षरे आणि चिन्हेच साठवली जातात, फक्त पडद्यावर त्यांच्या जागी मराठी आकार काढले जातात. अर्धा ध दिसतो तिथे आत तिरपी रेघ असते, आणि काना जोडला की पूर्ण ध होतो. घ च्या जागी प्रश्नचिन्ह. ढ आणि झ ही कोनाची दोन चिन्हे. ष च्या जागी दुहेरी अवतरण, द्य च्या जागी उभी रेघ, आणि दीर्घ रू म्हणजे कोलन. निषिद्ध नऊ चिन्हांपैकी सात चिन्हे आपल्या रोजच्या नावांत बसली होती.

आणि त्या प्रोग्रामात बाईंनी टाइप केलेले नाव हेच फाइलचे नाव होते. आडनाव, नाव, वडिलांचे नाव, पुढे टिंब आणि फाइलचा प्रकार. ‘जाधव’ टाकले की मधल्या तिरप्या रेघेमुळे संगणकाला वाटे, ‘जा’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘ाव’ नावाची फाइल करायची आहे. तसे फोल्डर नाही, म्हणून चूक क्रमांक 76, मार्ग सापडत नाही. घाडग्यांच्या प्रश्नचिन्हाला चूक क्रमांक 52, फाइलचे नाव वाईट. आता या चुका पडद्यावर दिसल्या असत्या तर बाईंनी पहिल्याच दिवशी कोणाला तरी बोलावले असते. पण प्रोग्रामाच्या डोक्यावर एक ओळ लिहिलेली होती: ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट. म्हणजे चूक झाली तर बोलू नकोस, पुढे चल. या ओळीला काही योग्य उपयोग आहेत. इथे तिने एवढेच केले की दाखला साठवला जात नसे आणि कोणी काही म्हणत नसे. छपाई यादीतून नाव निवडूनच होई, आणि यादीत नाव नाही म्हणजे दाखला नाही. मग बाईंनी त्यांच्या परीने मार्ग काढला. दारात मूल आणि पालक उभे असताना दुसरे काय करणार?

‘स्वरूपा’ नावाच्या एका मुलीचे तर आणखी विचित्र झाले होते. तिचा दाखला साठवला गेला होता, छापताही येत होता. पण संगणकात पाहिले तर ‘स्व’वर संपणारी, शून्य बाइटची फाइल. तो संगणक विंडोज 2000 चा, डिस्क एनटीएफएस पद्धतीची. त्या पद्धतीत नावात मध्येच कोलन आला तर चूक होतेच असे नाही. कोलनाच्या आधीच्या नावाची फाइल तयार होते आणि सगळा मजकूर तिला चिकटलेल्या एका लपलेल्या कप्प्यात जातो. त्याच संगणकावर तो वाचता येतो. बाई दर शनिवारी एक बॅच फाइल चालवून सगळ्याची फ्लॉपीवर नक्कल करत. फ्लॉपीला असा कप्पाच नसतो. म्हणजे डिस्क बिघडली असती तर फ्लॉपीवर त्या मुलीचे नुसते ‘स्व’ उरले असते. साफ नाकारले जाणारे अक्षर परवडले, निदान बाईंच्या वहीत तरी येते.

मुख्याध्यापकांनी मला सांगितलेले काम सोपे होते: “चालत नसलेलं अक्षर टाकलं की तसा निरोप येईल असं करून द्या.” व्हिज्युअल बेसिकमध्ये हे एका ओळीचे काम आहे. लाइक नावाचा तुलनेचा शब्द आहे, त्याला साचा द्यायचा:

"*[\/:*?""<>|]*"

चौकटी कंसातले कोणतेही चिन्ह मजकुरात कुठेही सापडले की उत्तर ‘होय’. कंसात तारा आणि प्रश्नचिन्ह आपली खास शक्ती विसरून साधी चिन्हे होतात. अवतरणचिन्ह दोनदा लिहिले आहे, कारण या भाषेत अवतरणाच्या आत अवतरण असेच लिहितात. शिवाय 32 च्या खालच्या क्रमांकाची न दिसणारी चिन्हे तपासायची, नावाच्या शेवटी टिंब किंवा मोकळी जागा असेल तर विंडोज ती गुपचूप कापते म्हणून तेही पाहायचे, आणि डॉसच्या काळापासून उपकरणांसाठी राखून ठेवलेली कॉन, पीआरएन, ऑक्स, नल अशी नावे टाळायची. ‘नल’मध्ये साठवलेला मजकूर तर आडात टाकल्यासारखा, पाण्याचा आवाजही येत नाही.

ही तपासणी मी लिहिली, पण त्या खिडकीला जोडायला हात धजेना. कारण ती जोडली असती तर तिने काय सांगितले असते? “जाधव या नावात चुकीचे अक्षर आहे.” आजवर संगणक गप्प राहून जे करत होता, ते त्याने निरोप देऊन केले असते, आणि बाईंनी आणखी खात्रीने ‘जादव’ लिहिले असते. काही जण सुचवतात की वाईट चिन्हाच्या जागी खालची रेघ घालावी. तेही मला पटत नाही. मग ध, घ, ष सगळे एकसारखे होतात, आणि वेगळ्या दोन नावांची फाइल एकच झाली की नवी फाइल जुनीला न विचारता पुसून टाकते. तसेही, एकाच गावात संतोष मारुती पवार दोन असतातच.

मुख्याध्यापकांना मी म्हणालो, “सर, नावाची तपासणी करायची गरजच नाही. फाइलला मुलाचं नाव देऊ नका. जनरल रजिस्टरचा नंबर द्या.” तो प्रत्येक मुलाला एकच, नुसत्या आकड्यांचा. नाव फाइलच्या पोटात राहील, तिथे ध काय आणि ष काय, सगळे चालते. तपासणी ठेवली, पण नंबराच्या चौकटीवर. कोणी 1245/2 असे लिहिले तर तिने थांबवायचे आणि का थांबवले ते मराठीत सांगायचे. आणि ती ‘बोलू नकोस’ची ओळ मी काढून टाकली. ते मला सगळ्यांत समाधानाचे काम वाटले.

पुढे युनिकोड सर्रास वापरात आले, ज्यात मराठी अक्षरांना स्वतःचे क्रमांक असतात. वाटले, आता हा त्रास गेला. पण जुन्या भाषेच्या सवयी जुन्याच. व्हिज्युअल बेसिक 6 पोटात युनिकोड सांभाळते, पण तिची फाइल उघडण्याची आज्ञा नाव बाहेर देताना ते जुन्या इंग्रजी वळणाच्या तक्त्यात उतरवते, आणि त्या तक्त्यात देवनागरी नाही. जे अक्षर सापडत नाही त्याच्या जागी ती प्रश्नचिन्ह घालते. ‘देशपांडे’ तपासणीतून सुखरूप सुटतात, कारण नावात एकही निषिद्ध चिन्ह नसते. दाराबाहेर पडताना त्यांची आठ प्रश्नचिन्हे होतात आणि पुन्हा तीच 52 नंबरची चूक. त्यावर उपाय आहेत, फाइल सिस्टिम ऑब्जेक्ट वापरले तर नाव शाबूत राहते. पण ज्यांनी फाइलला आधीच नंबर दिले होते त्यांना हा प्रश्न पडलाच नाही.

आता त्या शाळेकडे परत येतो, कारण प्रोग्राम दुरुस्त झाला तरी छापून गेलेले दाखले लोकांच्या घरी होते. सुदैवाने जनरल रजिस्टर हाताने लिहिलेले होते. शाईच्या पेनाला सगळी अक्षरे चालतात. बाई आणि मी तीन दिवस बसून रजिस्टर आणि फाइली ताडून पाहिल्या. बाई रजिस्टरातले नाव मोठ्याने वाचत, मी पडद्यावरचे वाचत असे. बहुतेक फरक त्या वहीत लिहिलेलेच निघाले. बाईंनी बदललेले प्रत्येक अक्षर इमाने नोंदवले होते, म्हणूनच ते सापडले. मुख्याध्यापकांनी घरोघरी पोस्टकार्डे पाठवली. मूळ नोंद बरोबर असल्यामुळे रजिस्टरावरून दुरुस्त दाखला देणे अवघड नव्हते. काही पालक आले, काही पत्रे पत्ता बदलल्यामुळे परत आली.

मी शेवटच्या दिवशी तिथे असताना घाडगे आले, मुलाला घेऊन. त्याचा आयटीआयचा प्रवेश ‘गाडगे’ नावानेच झाला होता. वडिलांनी नवा दाखला हातात घेतला, आडनावाच्या पहिल्या अक्षरावर बोट ठेवून मुलाकडून ते वाचून घेतले, आणि बाईंना विचारले, “झेरॉक्स किती काढाव्या?”

बाई म्हणाल्या, “दहा काढा.”