स्वतंत्र उपक्रमाची निवड

मुंबई-पुण्यांतील कांहीं शाळांतही चालणाऱ्या इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएटच्या माध्यमिक शिक्षणक्रमांत शेवटच्या वर्षीं विद्यार्थ्यास एक स्वतंत्र उपक्रम करावा लागतो. त्यासाठीं सुमारें २५ तास धरलेले असतात. विषय स्वतः निवडावयाचा, हेंच त्यांतील खरें शिक्षण. परंतु पुष्कळदां विषय वडीलधारीं माणसें ठरवितात आणि विद्यार्थी नुसता लेखनिक होतो.

दुसरा दोष अवाढव्यपणाचा. ‘मुंबईचा पाणीप्रश्न’ २५ तासांत आटोपणारा नव्हे. ‘आपल्या गच्चीवर जुलै-ऑगस्टांत किती पाणी पडतें?’ हा प्रश्न मात्र आटोक्यांतला आहे. रोज सकाळीं ८-३० वाजतां पर्जन्यमापक पाहून नोंद करावी. रोजचीं १० मिनिटें धरलीं, तरी ६२ दिवसांचे सुमारें १० तासच होतात. उरलेले १५ तास वाचन, हिशेब व लेखन यांस पुरतात. १०० चौरस मीटर गच्चीवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०० लिटर पाणी, हें ज्यानें स्वतः मांडून पाहिलें, त्याला पाण्याचें मोल निराळें शिकवावें लागत नाहीं.

एखादे दिवशीं नोंद राहिली, तर जागा कोरी ठेवावी. अंदाजानें भरूं नये. आईबापांनीं आठवड्यांतून एकदां वही अवश्य पाहावी, पण लेखणी मुलाच्याच हातीं राहूं द्यावी.